मास्तरांच्या नव्या गाडीतली वाकडी रेघ

मास्तरांनी चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि ती सगळी वर्षं शेजारच्या सीटवर बसून काढली. शिकवणाऱ्याची जागाच ती. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि मास्तरांच्या पायाशी जादा बसवून घेतलेला एक क्लच, एक ब्रेक. सकाळी साडेसहाला पहिला तास सुरू व्हायचा, संध्याकाळी साडेसातला शेवटचा संपायचा. मग गाडी ऑफिसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायची आणि चालत घरी यायचं. दिवसभर गाडीत बसलेल्या माणसाला घरी जाताना पुन्हा गाडी नको वाटायची.

शहरातले अर्धेअधिक गाडीवाले त्यांच्या हाताखालून गेले होते. वकील होते, नर्सा होत्या, शाळेतल्या बाई होत्या, एक तर त्यांच्याच दाताचा डॉक्टर होता. सगळ्यांनी त्यांचा ओरडा खाल्लेला. मनाने मास्तर वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. “आरसा कशाला दिलाय, भांग पाडायला?” हे त्यांचं रोजचं वाक्य. पण त्यांच्याकडे शिकलेला माणूस कुठे धडकला असं सहसा ऐकू यायचं नाही आणि मास्तरांना त्याचाच अभिमान होता.

मास्तरांच्या त्रेसष्टाव्या वर्षी रस्ता रुंद व्हायला निघाला आणि त्यात ऑफिस गेलं, शेड गेली. भरपाई बरी मिळाली. दुसरीकडे जागा घेऊन पुन्हा पाटी लावायची उमेद मास्तरांत उरली नव्हती. त्यांनी शिकवणीच्या दोन्ही गाड्या विकून टाकल्या आणि घरी बसले.

मुलगी परगावी असायची. ती फोनवर म्हणाली, “बाबा, बँकेत ठेवा सगळे. पुढे लागतील.”

बायको म्हणाली, “स्वयंपाकघराचा ओटा तेवढा नवा करू. चौदा वर्षं म्हणतेय मी.”

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर एक गुळगुळीत, जाड कागदाचं पुस्तक ठेवलं. त्यावर एका काळ्या एसयूव्हीचं चित्र होतं. घराएवढी गाडी.

“अहो, एवढी मोठी?” बायको म्हणाली. “माणसं आपण दोन. आणि जायचं कुठे आपल्याला?”

“कुठेही जाऊ. पण चालवणार मी,” मास्तर म्हणाले. “आयुष्यभर लोकांनी चालवली, मी नुसता जीव मुठीत धरून बसलो. आता मी बसणार स्टिअरिंगवर, तू शेजारी.”

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती गप्प बसली. मागाहून तिने मुलीला सांगितलं, “लहान मूल हट्ट करतं ना, तसा चेहरा केला होता गं. नाही म्हणवेना.”

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूमच्या सल्लागाराने त्यांना दीड तास सगळं समजावून सांगितलं. हा सल्लागार म्हणजे पन्नाशीचा, करड्या मिशांचा, शांत माणूस. त्याचा आवाज असा की दुकानातल्या बाकीच्या गोंगाटात तो ऐकायला पुढे वाकावं लागे. त्याने सीट कशी सरकते, कशी गार होते, पाठ कशी चोळते ते दाखवलं. मागच्या दाराखाली नुसता पाय हलवला की दार कसं उघडतं ते दाखवलं. मग म्हणाला, “आणि सर, समोर अचानक काही आलं आणि तुमचं लक्ष नसलं, तर गाडी स्वतः ब्रेक लावते.”

मास्तर हसले. “चौतीस वर्षं मी तेच काम केलंय. ते बंद करता येतं का?”

“येतं, पण करू नका सर,” सल्लागार म्हणाला. मास्तरांनी ते चालू राहू दिलं. इतक्या बटणांत आणखी एक कुठे शोधत बसायचं, एवढाच त्यामागे विचार.

मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. अडीचशेच्या वर माणसं. टाइप करायचा मास्तरांना कंटाळा, म्हणून ते बोलून संदेश पाठवायचे. गाडी आली त्याच संध्याकाळी त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि फोन तोंडाशी धरला.

“नव्या गाडीचा अनुभव, दिवस पहिला. या गाडीला क्लच नाही. त्यामुळे माझा डावा पाय आजपासून बेकार झालाय. दिवसभर तो क्लच शोधत होता. बाकी गाडी लोण्यासारखी चालते. काचा वर केल्या की बाहेरचं जग मुकं होतं. कुणी शिव्या दिल्या तरी ऐकू येणार नाहीत, त्यामुळे तुमच्यासारख्यांसाठी उत्तम.”

ग्रुपमध्ये हसण्याचा पाऊस पडला. मास्तरांना बरं वाटलं. ऑफिस गेल्यापासून त्यांचं कुणी काही ऐकलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. दुसऱ्या दिवशी उंचीबद्दल: “इतक्या वर बसल्यावर शेजारच्या गाडीवाल्याचं टक्कल दिसतं.” तिसऱ्या दिवशी पाठ चोळणाऱ्या सीटबद्दल. त्यात मागून बायकोचा आवाजही ऐकू यायचा, “ही माझ्या पाठीत बुक्के घालतेय, बंद करा आधी!” तिला गाडीत चढताना दाराची कड धरून एक उसासा टाकावा लागे, गुडघ्यांची बोंब होती. पण एकदा आत बसली की तीही जरा सैल व्हायची. दोघं शहराबाहेरच्या तलावापर्यंत जाऊन यायची, गाडीतच थर्मासमधला चहा प्यायची आणि परत यायची. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की मास्तर उगाच हळू करायचे.

पाचव्या दिवशी गाडी मागे घेताना त्यांना ती रेघ दिसली.

गाडी मागे घ्यायला लागलं की समोरच्या पडद्यावर मागचं चित्र यायचं आणि त्यावर दोन हिरव्या रेघा, गाडी कुठून कुठे जाईल ते दाखवणाऱ्या. त्यातली एक रेघ मधेच वाकलेली होती. पाण्यात काठी बुडवली की दिसते तशी. मास्तरांनी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. रेघ वाकडीच.

त्या संध्याकाळच्या संदेशात ते म्हणाले, “दिवस पाचवा. एवढी भारी गाडी आणि रेघ सरळ काढता येत नाही यांना.”

दुसऱ्या दिवशी ते शोरूममध्ये गेले. सल्लागार येऊन स्टिअरिंगवर बसला, गाडी मागे घेतली, पडद्याकडे नीट बघितलं.

“सर, मला तर सरळ दिसतेय.”

“तुम्हाला दिसणारच. तुमची विकून झालीय.”

सल्लागाराने वाद घातला नाही. त्याने कसलंसं नवं सॉफ्टवेअर घालून दिलं. काही फरक पडला नाही. पुढच्या आठवड्यात मास्तर पुन्हा गेले आणि या वेळी टेबलावर हात आपटून आले. तेव्हा पूर्ण पडदाच बदलून मिळाला. नव्या पडद्यावरही रेघ वाकडी. आणि आता तर समोरच्या काचेतून बघताना रस्त्याकडेचे दिव्याचे खांबसुद्धा कमरेत वाकल्यासारखे दिसायला लागले होते.

“काच लाटेची आहे,” मास्तरांनी जाहीर केलं. “काचेत दोष आहे. काच बदला.”

एक गोष्ट इथे सांगायला हवी. मास्तरांच्या डाव्या डोळ्यासमोर तीन-चार वर्षांपासून धुरकट होतं. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं होतं. उजवा डोळा चांगला होता आणि शेजारच्या सीटवरून शिकवायला तेवढा पुरत होता. घरी कुणाला त्यांनी हे धड सांगितलंही नव्हतं. त्यामुळे आता जे काही दिसत होतं ते एकट्या उजव्या डोळ्याला दिसत होतं आणि त्या डोळ्यावर मास्तरांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

बायकोच्या मात्र काही गोष्टी लक्षात येत होत्या. पेपर वाचताना ते मान वाकडी करून कडेने बघायचे. एकदा त्यांनी चहा कपात ओतायचा तो बशीत ओतला आणि म्हणाले, “टेबल कललंय वाटतं.” काचेची गोष्ट निघाली तशी ती म्हणाली, “अहो, एकदा चष्म्याचा नंबर तरी बघून घ्या.”

“काच त्यांची खराब आणि नंबर माझा बघायचा?” मास्तर असे खेकसले की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

ग्रुपमध्ये आता हसणं थांबलं होतं आणि वातावरण तापलं होतं. मास्तरांसारख्या माणसाला फसवतात म्हणजे काय! कुणी म्हणालं, कंपनीला धडा शिकवा. कुणी शोरूमचं नाव घेऊन इंटरनेटवर लांबलचक लिहिलं, वर एकच तारा दिला. विद्यार्थ्यांतल्या एका वकिलाने फुकटात कडक पत्र लिहून दिलं, त्यात सल्लागाराचंही नाव घातलं, ‘ग्राहकाला उडवाउडवीची उत्तरे देणारा कर्मचारी’ म्हणून. मास्तरांनी त्यावर सही केली. मजकूर त्यांनी वाचला नाही. अक्षरं बारीक होती आणि त्या दिवशी फारच नाचत होती.

पत्र गेल्यावर काचही बदलून मिळाली. खांब वाकडेच राहिले.

सहाव्या आठवड्यात मास्तर चौथ्यांदा शोरूममध्ये गेले. सकाळची वेळ, गर्दी होती. त्यांनी दारातूनच आवाज चढवला. “कुठे आहे तो? बोलवा त्याला!” लोक वळून बघायला लागले. सल्लागार आतून आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने मास्तरांना बसा म्हटलं, पाणी दिलं आणि म्हणाला, “चला सर, गाडीत बसून बघू.”

दोघं गाडीत बसले. मास्तर स्टिअरिंगवर, तो शेजारी. पडद्यावर रेघा आल्या. सल्लागाराने खिशातून एक पोलादी पट्टी काढली, वर्कशॉपमध्ये मापाला वापरतात तसली, आणि ती पडद्यावर हिरव्या रेघेला लावून धरली.

“सर, रेघ कशी दिसते?”

“वाकडी. मधे वाकडी.”

“आणि ही पट्टी?”

मास्तरांनी मान पुढे काढून बघितलं.

“सर?”

पट्टीही तिथेच वाकली होती. रेघ जिथे वाकत होती त्याच जागी. सल्लागाराने पट्टी पडद्यावरून उचलून मास्तरांसमोर हवेत धरली. ती हवेतही वाकलेली होती. पोलादाची, बोटभर रुंद पट्टी. त्याने ती स्टिअरिंगवर टेकवली, मग मास्तरांच्याच हातात दिली. मास्तरांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ती सरळ लागत होती.

“माझ्या वडिलांना असंच झालं होतं,” सल्लागार हळू आवाजात म्हणाला. “त्यांना दाराची चौकट वाकडी दिसायची. सुतारावर ओरडायचे. सर, आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्या नको, आजच. मी गाडी घेऊन येतो तुमच्याबरोबर.”

“मला येते गाडी चालवता.”

“ते माहीत आहे सर. पण...”

“चौतीस वर्षं,” मास्तर म्हणाले. त्यांनी पट्टी परत केली आणि गाडी सुरू केली.

शोरूमपासून घर वीस मिनिटांवर. मास्तरांनी ती वीस मिनिटं कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाडी रस्त्यावर आखलेल्या आपल्या लेनबाहेर जायला लागली की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि ते परत आत यायचे. आत्तापर्यंत हे थरथरणं ते गाडीचा चोंबडेपणा समजत होते. आज ते कितीदा होतं हे त्यांनी पहिल्यांदाच मोजलं. नऊपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. त्यांच्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर त्यांनी त्याला रस्त्याच्या मधोमध खाली उतरवलं असतं. हे त्यांच्या मनात आलं, तरी ते थांबले नाहीत. घर आलंच आहे, असं म्हणत राहिले.

औषधांच्या दुकानासमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आहेत, तिथे गाडीने ब्रेक लावला.

मास्तरांनी लावला नव्हता. त्यांचा पाय तर अजून वेग देत होता. पडदा लाल झाला, कसलासा कर्कश आवाज आला, सीटबेल्ट छातीत रुतला आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी उभं राहिलं. समोर कुणी नव्हतं. मास्तरांनी मान जरा बाजूला वळवली तेव्हा त्या मोकळ्या जागेतून एक बाई बाहेर आली. हातात दोन पिशव्या, अंगात पिवळा स्वेटर. बोनेटपासून हातभर अंतरावर. ती अख्खी बाई आत्तापर्यंत त्यांना दिसलीच नव्हती.

बाईला काही कळलं नाही. एवढी मोठी गाडी आपल्यासाठी थांबली, असंच तिला वाटलं असणार. तिने पिशवीसकट हात उचलून थँक्यू केलं आणि पलीकडे निघून गेली.

मागून हॉर्न वाजायला लागले. मास्तरांनी गाडी कशीबशी कडेला घेतली, एक चाक पदपथावर चढलं, ते तसंच राहू दिलं. उतरले. दार लावलं. मग घरापर्यंत चालत गेले, भिंतीच्या बाजूने.

बायकोने दार उघडलं. “गाडी?”

“औषधाच्या दुकानापाशी आहे.”

“बंद पडली? नवी गाडी?”

“गाडी चांगली आहे,” मास्तर म्हणाले. ते चपला न काढता खुर्चीत बसले. “मला दिसत नाही गं. बाई दिसली नाही मला.”

तिने कुठली बाई असं विचारलं नाही. तिने आधी त्यांच्या कपड्यांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, आणि कुठे रक्त नाही याची खात्री झाल्यावर ती समोरच्या स्टुलावर बसली. मग तिनेच शोरूमला फोन लावला. सल्लागार स्वतः रिक्षाने आला, तिच्याकडून किल्ली घेऊन गेला, त्यांनी सोडलेली गाडी आणून इमारतीखाली नीट लावली, वर येऊन किल्ली परत तिच्या हातात दिली. मास्तर आतल्या खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत. तो गेल्यावर बायको म्हणाली, “पाणीसुद्धा न पिता गेला माणूस.”

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती आणि तिला बोलायची घाई नव्हती. तिने कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. नजरेचा जो मधला भाग असतो, ज्याने माणूस वाचतो, चेहरे ओळखतो, तिथे डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाणी झिरपतंय. डाव्या डोळ्यात तोच आजार सावकाश, वेगळ्या तऱ्हेने झाला होता. मोतीबिंदू नव्हताच.

“सरळ रेघा वाकड्या दिसायला कधीपासून लागल्या?”

उत्तर बायकोने दिलं, “गाडी आली त्याच आठवड्यापासून. दीड महिना झाला.”

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. “तेव्हाच आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं,” ती म्हणाली. मग स्वतःलाच सावरत म्हणाली, “आता डोळ्यात इंजेक्शनं देऊ, दर महिन्याला. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. कडेची नजर राहील. घरात वावराल, हिंडाल-फिराल. गाडी मात्र नाही.”

“नाही ना? कधीच?” हे बायकोने विचारलं.

मास्तर म्हणाले, “तिला दोनदा सांगायला लावू नकोस.”

त्या दीड महिन्याचं गणित मास्तरांच्या डोक्यातून जाईना. शोरूमच्या पहिल्या फेरीला सल्लागाराने म्हटलं होतं, मला सरळ दिसतेय. एवढं साधं वाक्य. त्यावर एकदा घरी येऊन भिंतीकडे बघितलं असतं. स्वयंपाकघरातल्या फरशांच्या रेघा बघितल्या असत्या. त्या सगळ्या वाकड्याच होत्या, आता बघत होते तर.

चार दिवसांनी त्यांनी ग्रुपवर संदेश पाठवला. घसा खाकरला नाही. “मी मास्तर बोलतोय. गाडीत दोष नव्हता, माझ्या डोळ्यात होता. शोरूमच्या माणसाबद्दल मी जे बोललो ते सगळं खोटं होतं. ज्यांनी इंटरनेटवर लिहिलंय त्यांनी ते काढून टाका. तो माणूस भला आहे.” लगेच पन्नासेक अंगठे आले, ‘काळजी घ्या मास्तर’ आले. दोघा-तिघांनी लिहिलेलं काढलं, बाकीच्यांनी राहू दिलं. आठवड्याभराने ग्रुप पूर्ववत झाला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या.

मास्तर बायकोला घेऊन शोरूममध्ये गेले, माफी मागायला. सल्लागार तिथे नव्हता. तक्रारपत्रानंतर त्याची चौकशी झाली होती आणि त्याला दुसऱ्या शहरातल्या सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं होतं. मास्तरांनी कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं. ते सांगत गेले, बायको लिहीत गेली. ‘या माणसाने माझा उरलेला डोळा वाचवला’ असं त्यात वाक्य होतं. दोन आठवड्यांनी छापील उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

गाडी इमारतीखाली उभी राहिली. धूळ बसली, काचेवर पानं साठली. मास्तर रोज सकाळी खाली जाऊन फडक्याने ती पुसायचे. बघून नव्हे, हाताने चाचपून. एकदा बायको वरून बघत होती. त्यांनी तीच बाजू दोनदा पुसली आणि दुसरी तशीच सोडून वर आले.

“तू शिकतेस का गाडी?” एका दुपारी त्यांनी विचारलं.

ती भाजी निवडत होती. तिने वर बघितलं नाही. “शिकले होते की मी. तुमच्याकडेच. आठवतंय?”

त्यांना आठवत होतं. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. भर चौकात तिने गाडी बंद पाडली होती आणि मास्तर तिच्यावर असे ओरडले होते की शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून डोकावून बघायला लागली. तिने दार उघडलं, उतरली आणि घरापर्यंत चालत आली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

“या वेळी नाही ओरडणार,” मास्तर म्हणाले.

“मी काय चुकतेय ते तुम्हाला दिसायला तर हवं,” ती म्हणाली. ते बोलून गेल्यावर तिला कसंसंच झालं. तिने हातातली भाजी खाली ठेवली. “माझे गुडघे तरी आता कुठे ब्रेक दाबणार? राहू द्या. विकून टाकू.”

मुलगी आली, तिनेच जाहिरात दिली, गिऱ्हाईक आणलं. चाळिशीतलं जोडपं. नवऱ्याने गाडी चालवून बघितली, बायकोने मागच्या सीटवर बसून मुलांची जागा मापली. मग तो माणूस जरा बिचकत म्हणाला, “काका, एक विचारू? या गाडीबद्दल इंटरनेटवर काहीतरी वाचलं. काच, पडदा...”

मुलगी मधेच बोलायला लागली तशी मास्तरांनी तिला हाताने थांबवलं. “ते माझ्याबद्दल आहे,” ते म्हणाले. “मला दिसत नव्हतं, मी गाडीला नावं ठेवली. गाडी चांगली आहे. ते आपोआप ब्रेक लावायचं जे आहे ना, ते कधी बंद करू नका. आणि हळू चालवा. मुलं असतात तुमच्याबरोबर.”

किल्ली देताना त्यांना त्या माणसाचा हात सापडेना. त्याने पुढे होऊन ती घेतली.

गाडी गेली. त्या पैशातून ओटा नवा झाला, काळ्या दगडाचा. बायकोने त्यावर पहिला चहा केला तेव्हा तिला आनंद झाला नाही आणि आनंद झाला नाही याचं तिला वाईट वाटलं. दर महिन्याच्या इंजेक्शनांनी डोळा होता तिथे अडकून राहिला. समोरच्या माणसाचे कान, केस, खांदे दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. मास्तर माणसं आवाजावरून ओळखायला शिकले. बायको समोर बसली तर जरा बाजूला बघायचे, म्हणजे डागाच्या कडेने ती दिसायची. पूर्वी ती म्हणायची, माझ्याकडे बघून बोला. आता म्हणत नव्हती.

इस्पितळात ती दोघं बसने जायची. थांब्यावर ती येणाऱ्या बसचे नंबर मोठ्याने वाचायची, लोक बघायचे, तिने ते मनावर घ्यायचं सोडलं होतं. बसमध्ये ती त्यांना खिडकीशी बसवायची आणि बाहेर काय चाललंय ते थोडं थोडं सांगायची. एका फेरीत बस बराच वेळ एका जागी उभी राहिली.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“सिग्नल आहे. लाल.”

“पुढे किती गाड्या?”

तिने मान उंच करून मोजल्या. “सात. नाही, आठ. एक छोटी आहे, ती मधेच घुसलीय.”

मास्तर यावर काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. पण त्यांनी नुसती समोरच्या सीटची दांडी धरली आणि तसेच बसून राहिले. सिग्नल सुटला तेव्हा तिने सांगितलं नाही. बस हलली तशी त्यांना कळलंच.